मुलाखतीचं रेकॉर्डिंग: आधी विचारा

मुलाखत रेकॉर्ड करायची तर समोरच्याला आधी सांगावं आणि त्याचा होकारही रेकॉर्डिंगमध्येच घ्यावा. लपवून केलेलं रेकॉर्डिंग मला एकाच प्रसंगी मान्य आहे: लोकहिताची गंभीर बाब दुसऱ्या कोणत्याही मार्गाने उघड होत नसेल तेव्हा, आणि तेही संपादकाला विचारून.

नीट जपलेल्या रेकॉर्डिंगचं मोल अमेरिकेतल्या एका खटल्यात कळतं. ‘द न्यूयॉर्कर’साठी लिहिणाऱ्या जॅनेट माल्कम यांनी मनोविश्लेषक जेफ्री मॅसन यांच्या मुलाखती ४० तासांहून अधिक टेप केल्या होत्या. १९८३ साली लेख छापून आला आणि मॅसन कोर्टात गेले. वादातली बहुतेक वाक्यं टेपवर नव्हतीच; ती टिपणांतून घेतली, असं माल्कम यांचं म्हणणं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकष घालून दिला: अवतरणातले शब्द बदलले एवढ्याने लेखक खोटा ठरत नाही, अर्थच मूलतः पालटला तर ठरू शकतो. अखेर १९९४ मध्ये ज्युरीने माल्कम यांच्या बाजूने कौल दिला.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीच्या रेकॉर्डिंगबाबत तर जास्तच जपायला हवं. तिची ओळख उघड करणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि आवाजावरूनही माणूस ओळखू येतो. ती फाइल कुणालाही पाठवू नका.