घन खडकाचा प्रवाह

पृथ्वीचं प्रावरण घन खडकाचं आहे आणि तरीही ते वाहतं, असं सांगितलं की माझे विद्यार्थी पुरावा मागतात. मागायलाच हवा. मग मी ईशान्य जपानचे भूकंपालेख काढते.

तिथे पॅसिफिक भूपट्ट वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटर वेगाने होन्शू बेटाखाली शिरतो. तो साधारण १०० किलोमीटर खोल पोचतो, तिथे वर झाओ, कुरिकोमा, इवाते हे ज्वालामुखी ओळीने उभे आहेत. भूपट्टातून सुटलेलं पाणी वरच्या तप्त खडकात मुरतं, त्याचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. पण हा तप्त खडक येतो कुठून?

त्याचा माग ऑलिव्हीन देतं. वरच्या प्रावरणात या हिरवट खनिजाचंच राज्य. खडक वाहताना त्याचे स्फटिक एका दिशेला वळतात आणि लाकडाला असते तशी खडकाला रेषा येते. ही विषमदिकता. अशा खडकातून जाताना भूकंपाची ‘एस’ लहर दुभंगते: एक भाग पुढे निघतो, दुसरा मागे रेंगाळतो. संगणकावर मी उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम कंपनांच्या नोंदी एकाखाली एक लावते आणि अक्ष हळूहळू फिरवते. एका कोनाला दोन्ही लहरी सुट्या होतात. आकार सारखाच, मध्ये सेकंदाच्या एक-दोन दशांशांचं अंतर. वेगवान लहरीच्या कंपनाची दिशा त्या कोनातून कळते, आणि सहसा तीच प्रवाहाची दिशा असते.

१९९५च्या कोबे भूकंपानंतर जपानने देशभर विंधनविहिरींत भूकंपमापक बसवले, म्हणून असे कोन ठिकठिकाणी मोजता आले. ज्वालामुखींच्या पश्चिमेला वेगवान दिशा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम निघते, म्हणजे भूपट्ट जिथे बुडू लागतो त्या सागरी खंदकाला आडवी. हे चित्र जुळतं: बुडणारा भूपट्ट लगतचा खडक ओढून नेतो आणि त्याची जागा घ्यायला जपान समुद्राकडून तप्त खडक तिरका वर चढतो.

पूर्वेला मात्र ती दिशा उत्तर-दक्षिण होते. म्हणून प्रवाहच वळला असं लगेच म्हणता येत नाही. शुन-इचिरो कारातो आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००१ मध्ये प्रयोगातून दाखवलं की भरपूर पाणी आणि मोठा ताण असेल, तर ऑलिव्हीनचा वेगवान अक्ष प्रवाहाला आडवा लागतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं एकच: नकाशावर प्रवाहाचा बाण काढण्याआधी त्या खडकात पाणी किती आहे, ते विचारा.