अर्धे सोडलेले अक्षर

सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी, म्हणजे संसार सोडून एकत्र राहणाऱ्या साधकांसाठी, जी नियमावली लिहिली, तिच्यात उग्र देहदंडाला फारसे स्थान नाही. रोज रतलभर पाव, दोन शिजवलेले पदार्थ आणि बेताचा द्राक्षारस एवढे नेमून दिले असून कुरकुर मात्र कटाक्षाने वर्ज्य मानली आहे. प्रार्थनेची खूण होताच हातातले काम टाकून उठावे, हा दंडक तर त्या नियमावलीहूनही जुना. इजिप्तमधील मठांत लेखनिक लिहीत असलेले अक्षरही अर्धेच सोडून उठत, असे मठजीवनाविषयी लिहिणारे जॉन कॅसियन नोंदवतात. असे हातातले काम सोडून उठणे हा संयमच; पण प्रेषित पौलाने संयमाला आत्म्याचे फळ, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे स्वभावात येणारा गुण, म्हटले असल्याने तो निव्वळ मनोनिग्रह ठरत नाही. बेनेडिक्ट यांचे खरे शहाणपण (कडक शिस्तीच्या भोक्त्यांना ते मिळमिळीत वाटेल) आजारी व दुबळ्यांना दिलेल्या सवलतींतच दिसते.