गारगोटी की कॅल्साइट?

महाराष्ट्राच्या पठारावर सापडणारा काळा दगड बहुधा बेसाल्ट असतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा भराभर थिजला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. बेसाल्ट हा खडक, म्हणजे अनेक खनिजांचा समूह. खनिजाचे रासायनिक घटक आणि अणूंची मांडणी मात्र ठरलेली असते.

लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून पांढरी खनिजे साचली. त्यांत गारगोटी आणि कॅल्साइट यांची गल्लत हमखास होते. रंगावर विसंबू नका. किंचित अशुद्धीनेही तो बदलतो. जांभळा अ‍ॅमेथिस्ट हीसुद्धा गारगोटीच.

आधी कठीणपणा तपासा. फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या श्रेणीत कॅल्साइट ३ वर, तर गारगोटी ७ वर आहे. चाकूच्या पोलादी टोकाने कॅल्साइटवर ओरखडा उठतो. गारगोटीवर उठत नाही. उलट चाकूचाच धातू घासून करडी रेघ राहते. ती बोटाने पुसून पाहा: पुसली गेली तर तो ओरखडा नव्हे.

मग तुटलेली बाजू पाहा. कॅल्साइट तीन दिशांनी सपाट फुटतो आणि तिरपे चौकोनी तुकडे पडतात. गारगोटी शिंपल्यासारखी वक्र फुटते. शेवटी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. कॅल्साइट फसफसतो, गारगोटी ढिम्म राहते.

प्रत्येक निरीक्षण आधी वहीत लिहा, नाव त्यानंतर. नाव आधी ठरवले की डोळे तेवढेच पाहतात.