केसांचा पोत कां बदलतो?

घरांत कोणाचे केस विरळ होऊं लागले, कीं दोष प्रथम तेलावर जातो, मग विहिरीच्या नाहीं तर नळाच्या पाण्यावर, आणि दोन्ही निर्दोष ठरल्यास सुनेच्या आळसावर! खरा अपराधी बहुधा शरीराच्या आंतच असतो.

टक्कल दिसूं लागण्यापूर्वीं केसांचा पोत पालटतो, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. माथ्यावरचा केस साधारणपणें २ ते ६ वर्षें वाढतो, गळतो व त्याच मुळांतून नवा उगवतो. रोज ५० ते १०० केस गळणें स्वाभाविकच आहे. आनुवंशिक टक्कल पडतांना मात्र हा वाढीचा काळ प्रत्येक फेऱ्यास आंखूड होतो. नवा केस आधींच्याहून बारीक व मऊ येतो आणि अखेरीस नुसती लव उरते.

यास कारण पुरुषग्रंथींचा रस, म्हणजेच हार्मोन. ज्यांच्या वृषणग्रंथींचें कार्य नीट चालत नव्हतें अशा १०४ पुरुषांचें निरीक्षण जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४२ सालीं प्रसिद्ध केलें. वयांत येण्यापूर्वींच ज्यांचा हा रस बंद झाला होता, त्यांस टक्कल पडलें नव्हतें. पुढें तोच रस औषध म्हणून देतांच, ज्यांच्या कुळांत टक्कल होतें त्यांचे केस जाऊं लागले. कूळ व रस दोन्ही जुळावीं लागतात. गंमत अशी, कीं हनुवटीवर हाच रस केस राठ करतो!

बाळंतिणीची गोष्ट निराळी. गरोदरपणीं स्त्रीरसाच्या आधिक्यामुळें गळावयाचे केस टिकून राहतात; प्रसूतीनंतर तो ओसरला, कीं २ ते ४ महिन्यांनीं ते एकदम फणींत येतात. वर्षभरांत बहुधा सर्व पूर्ववत् होतें. त्यासाठीं तिच्या पानांतले पदार्थ कमी करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

परंतु केस कोरडे व राठ होऊन गळत असतील, थंडी सोसवत नसेल, भुंवयांचीं बाहेरचीं टोंकें विरळ झालीं असतील, तर थायरॉईड ग्रंथि मंदावली आहे काय हें रक्त तपासून पाहावें. भांग रुंदावत आहे, पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केस येत आहेत, अशी मुलगी उपवर असली म्हणजे घरचीं माणसें गोष्ट झांकूं पाहतात व तेलाच्या बाटल्या बदलीत वर्ष घालवितात. तिला आईनें डॉक्टरांकडे न्यावें आणि पाळीची हकीकत तिची तिलाच सांगूं द्यावी.