लिनक्सची घराणी (लेखांक ४) : डेबियन, रेड हॅट आणि मंडळी

लिनक्सचे शेकडो डिस्ट्रो (वापरायला तयार संच) आज मिळत असले, तरी त्यांतले बहुतेक मोजक्या मूळ घराण्यांतून फुटलेले आहेत. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सर्वांचा एकच, लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला. डेस्कटॉप कोणत्याही डिस्ट्रोवर बदलून घेता येतो, त्यामुळे रंगरूपावरून घराणे ओळखायला जाणे व्यर्थ. खरा फरक दोन गोष्टींत असतो : सॉफ्टवेअरची पॅकेजेस कशी बांधली आणि बसवली जातात, आणि नवी आवृत्ती कधी काढायची हे कोण ठरवते.

आज चालू असलेल्यांत सर्वांत जुना स्लॅकवेअर. पॅट्रिक फोल्करडिंग यांनी तो जुलै १९९३ मध्ये काढला. एका पॅकेजला दुसरी कोणती पॅकेजेस लागतात, हे शोधण्याचे काम तो अजूनही वापरणाऱ्यावरच सोडतो. जर्मनीतला सुसे याच्यापासून निघाला, पण पुढे त्याने रेड हॅटचा आरपीएम हा पॅकेजचा साचा स्वीकारला.

इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी घोषित केलेला डेबियन कोणत्याही कंपनीचा नाही. जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात आणि दरवर्षी मतदानाने आपला प्रकल्पप्रमुख निवडतात. त्याची पॅकेजेस 'डेब' साच्यात असतात. टर्मिनलवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी' असा हुकूम दिला, की ॲप्ट हे साधन आधी पॅकेजच्या भांडाराची यादी चाळते, व्हीएलसीला लागणाऱ्या आणि संगणकावर नसलेल्या लायब्ररी हुडकते, त्या सगळ्या उतरवून घेते आणि प्रत्यक्ष बसवण्याचे काम डीपीकेजीकडे सोपवते. नवे पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' शाखेत येते. काही दिवस गंभीर दोष निघाला नाही, तर 'टेस्टिंग'मध्ये सरकते. टेस्टिंग पुरेसे मुरले की साधारण दोन वर्षांनी त्यातूनच 'स्टेबल' आवृत्ती निघते. स्टेबलमधली सॉफ्टवेअर जुनी वाटतात, ती यामुळेच. सर्व्हर सांभाळणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

या घराण्याचा विस्तार सर्वांत मोठा. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकलने डेबियनवरून उबंटू काढला आणि दर एप्रिल-ऑक्टोबरला नवी आवृत्ती देण्याचे वेळापत्रक लावले. मिंट पुढे उबंटूवरून आला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा, भारतीय भाषांची सोय असणारा बॉस हा डिस्ट्रोही डेबियनवरच उभा आहे.

रेड हॅटच्या घराण्यात मात्र शेवटचा शब्द कंपनीचा. फेडोरात नवे प्रयोग होतात. साधारण सहा महिन्यांनी त्याची आवृत्ती येते. त्यातले पारखलेले पुढे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये जाते. त्याला दहा वर्षे आधार मिळतो आणि त्यासाठी वर्गणी मोजावी लागते. त्याच सोर्स कोडवरून बांधलेला सेंटओएस फुकट असल्याने असंख्य सर्व्हरांवर चालत होता. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये, सेंटओएस लिनक्स ८ हा २०२९ ऐवजी २०२१ अखेरीसच बंद होईल, असे जाहीर झाले. पुढच्या आठ वर्षांचे नियोजन करून बसलेल्यांची पंचाईत झाली. ही पोकळी भरायला रॉकी आणि अल्मा हे दोन डिस्ट्रो उभे राहिले. कोड खुला असला की दुसऱ्याला तो पुढे नेता येतो हे खरे. पण वेळापत्रक मालकाच्या हाती राहते, हेही तितकेच खरे.

२००२ मध्ये जुड व्हिनेट यांनी काढलेल्या आर्चमध्ये ठरावीक आवृत्तीच नसते. पॅकमन नावाच्या साधनाने संगणक सतत अद्ययावत होत राहतो. जेंटू त्याहून हट्टी : त्यात सॉफ्टवेअर बहुधा आपल्याच यंत्रावर सोर्स कोडमधून बांधून घ्यायचे असते. हे दोन्ही हौशी आणि जाणकारांसाठी ठीक.

घरच्या संगणकावर पहिल्यांदाच लिनक्स टाकणाऱ्याने मिंट किंवा उबंटू घ्यावा. अडचण आली तर दोहोंपैकी एकासाठी लिहिलेला उपाय बहुतेक वेळा दुसऱ्यावरही चालतो.