कानात ताल, पायात चाल

पावसाळा सरून हवेत गारवा आला की शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती किंवा पुण्यातील तळजाईच्या टेकडीवर पहाटे नवे चेहरे दिसू लागतात. नवे बूट, मनगटावर घड्याळ, दंडाला बांधलेला मोबाइल आणि कानात गाणी असा सारा जामानिमा असतो. महिन्याभरात त्यातील बरेच चेहरे दिसेनासे होतात. उत्साह आटला, असे आपण म्हणतो. अनेकदा कारण वेगळेच असते. ही मंडळी पहिल्याच आठवड्यात झेपणार नाही इतक्या वेगाने धावलेली असतात आणि त्या वेगाला कानातील गाण्यांचाही हातभार लागलेला असतो.

श्रम आणि ताल यांचे नाते आपल्याला नवे नाही. जात्यावरची ओवी किंवा दिंडीतील टाळ-मृदंग हे त्याचेच दाखले. १९७९ मध्ये सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला आणि हा ताल माणसाच्या कमरेला अडकला. २००१ मध्ये आयपॉड आला, तेव्हा तो खिशात मावू लागला. आज हे काम मोबाइल किंवा घड्याळच करते. इथिओपियाचा विख्यात धावपटू हाइले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे बंदिस्त मैदानावर दोन हजार मीटरचा जागतिक विक्रम केला, तेव्हा ध्वनिवर्धकावर त्याच्या आवडीचे ‘स्कॅटमन’ हे गाणे लावलेले होते.

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील क्रीडा-मानसशास्त्रज्ञ कोस्टास कारागिऑर्गिस यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. हलक्या ते मध्यम श्रमात संगीतामुळे थकवा कमी जाणवतो, असे या अभ्यासांतून दिसते. श्रम फार वाढले की शरीराच्या तक्रारी इतक्या मोठ्या होतात की संगीताचा हा परिणाम ओसरतो. यातली मेख अशी की थकवा कमी ‘जाणवतो’, पण गुडघे, पोटऱ्या आणि हृदय यांच्यावरील भार काही कमी होत नाही. मुरलेल्या धावपटूला हे वरदान ठरते. नवख्याला मात्र शरीराची ‘थांब’ ही सूचना वेळेवर ऐकू येत नाही.

म्हणून गाणी निवडताना आधी आपली चाल मोजावी. सहज बोलता येईल इतक्या वेगाने धावत अर्धा मिनिट केवळ उजवे पाऊल किती वेळा पडते ते मोजावे आणि त्या संख्येला चारने गुणावे. पाऊल चाळीस वेळा पडले, तर मिनिटाला १६० पावले झाली. ज्या गाण्यात मिनिटाला १६० ठोके पडतात ते आपल्या चालीचे गाणे. ८० ठोक्यांचे गाणेही चालते. तेथे दर दुसरे पाऊल ठोक्यावर पडते. ठोके मोजून देणारी साधने मोबाइलवर मिळतात, पण घड्याळाकडे पाहून बोटांनी मोजले तरी भागते. याहून जलद गाणी यादीतून काढून टाकावीत. सुरुवातीला आणि शेवटी पाच-पाच मिनिटे चालण्यासाठी संथ गाणी ठेवावीत.

नवख्यांसाठी गाण्याहून उपयुक्त ठरतो तो सूचना देणारा आवाज. १९९६ मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. पुढे त्याच्या ध्वनिफिती निघाल्या आणि तो जगभर पसरला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झपझप चालायचे, मग साठ सेकंद धावणे आणि नव्वद सेकंद चालणे असे वीस मिनिटे करायचे. आठवड्यातून केवळ तीन दिवस. कानातला आवाज ‘आता चाला’ असे सांगतो, तेव्हा अंगात जोर असला तरी चालायचे. खरी शिस्त तीच.

मनगटावरील घड्याळाचेही असेच. त्याच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहाचा चढउतार टिपतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असेल, तर हा आकडा फसवा निघतो. २२० मधून वय वजा करून कमाल ठोके काढण्याची रीत ढोबळ आहे. त्यापेक्षा धावताना एक पूर्ण वाक्य बोलता येते का, ही कसोटी सोपी आणि भरवशाची. गाणी ऐकत असतानाही ती अधूनमधून लावून पाहावी. अंतर मोजणाऱ्या उपग्रह-यंत्रणेलाही मर्यादा आहेत. उंच इमारतींवरून संकेत परावर्तित होतात आणि नकाशावरील आपली रेघ वेडीवाकडी होते. तेव्हा शंभर-दोनशे मीटरच्या फरकासाठी जिवाचा आटापिटा करू नये.

आता कानांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबेलपर्यंतचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. तोच ९० डेसिबेलवर गेला, तर ही मर्यादा चार तासांवर येते. रहदारीच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवतो आणि नकळत ही रेषा ओलांडतो. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या रस्त्यावर आवाज वाढवावासा वाटतो, तो रस्ता कानात गाणी घालून धावण्याचा नव्हेच.

दुसरा धोका वाहनांचा. अमेरिकेतील ॲथलेटिक्स महासंघाने २००७ मध्ये शर्यतींत हेडफोनवर बंदी घातली, तेव्हा सुरक्षितता हे त्यामागचे एक कारण होते. पुढे ती सामान्य धावपटूंपुरती शिथिल झाली. कानाची पोकळी उघडी ठेवून गालाच्या हाडातून ध्वनी पोहोचवणारे हेडफोन आता मिळतात. ते बरे, पण गाण्यात गुंतलेले लक्ष त्यानेही परत येत नाही. बाहेरचा आवाज दाबणारी सोय रस्त्यावर बंदच ठेवावी. पदपथ नसेल, तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. चौकात गाणे थांबवावे.

आणि आठवड्यातून एक दिवस सारी साधने घरी ठेवून धावावे. आपला श्वास आणि पावलांचा आवाज ओळखीचा झाला, की पुढच्या वेळी कोणते गाणे लावायचे, हे वेगळे विचारावे लागणार नाही.