घशाचा कर्करोग : बीजदोष आणि निदानसेवन

‘आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत विड्या ओढत होते, त्यांना काही झाले नाही,’ हा युक्तिवाद आपण सर्वांनीच चिकित्सालयात ऐकला असेल. तंबाखू व मद्य ही घशाच्या कर्करोगाची प्रमुख कारणे आहेत, हे निर्विवाद. तरीही समान व्यसन असणाऱ्यांपैकी एकाला हा व्याधी जडतो, दुसरा सुटतो. या भेदाचे एक कारण आनुवंशिकतेत आहे.

धुरातील विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारे एक विकर जीएसटीएम-१ या जनुकामुळे तयार होते. काही व्यक्तींत हे जनुक मुळातच नसते; त्यांची जोखीम काहीशी वाढते. जपान, चीन व कोरियातील अनेकांमध्ये एएलडीएच-२ या जनुकात बदल आढळतो. मद्यापासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड त्यांच्या शरीरात साचते, चेहरा लाल होतो; तरीही मद्यपान चालूच राहिल्यास घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मद्यास स्पर्शही न करणाऱ्यास मात्र केवळ या बदलामुळे तसा धोका संभवत नाही. बीजातील वैगुण्य येथे निदानसेवनाची वाट पाहत असते.

याला अपवादही आहेत. फॅन्कोनी ॲनिमिया या विरळ आनुवंशिक व्याधीत डीएनएची दुरुस्तीच सदोष असते. तेथे व्यसनावाचूनही तरुण वयात मुख व घशाचा कर्करोग होऊ शकतो आणि नेहमीच्या मात्रेतील किरणोपचारही घातक ठरू शकतो.

सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणितदोषजन्य व्याधींना ‘आदिबलप्रवृत्त’ म्हटले. चरकाचार्यांनीही बीजदोषाचा विचार केला. परंतु जनुक म्हणजेच प्रकृती, असे समीकरण मांडण्याची घाई आम्हांस उचित वाटत नाही.

व्यवहारात आम्ही दोन गोष्टी आवश्यक मानतो. पहिली, रुग्णाचे कुलवृत्त नेमके विचारणे. आईवडील वा भावंडांत असा कर्करोग झाला असल्यास अधिक सावध राहणे. दुसरी, तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा स्वरभेद, गिळताना वेदना अथवा मानेतील गाठ आढळल्यास रुग्णास विनाविलंब कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविणे. कुलवृत्त निर्दोष असले, तरी गंडूष व खदिरादी वटीवर महिने दवडणे योग्य नव्हे.

तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये जाहीर केला. बीज निवडणे कोणाच्याच हाती नाही. निदानपरिवर्जन मात्र प्रत्येकाच्या हाती आहे, आणि ते रुग्णास पटवून देणे हे आपले काम आहे.